ताळा जुळला

ऑफिसात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळ्यांचे ते ताळेबुवा. बुवाबिवा काही नव्हेत हो, डेटाबेस सांभाळणारा साधा नोकरदार माणूस. पण सवयच अशी, की एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर माहिती नेली की आधी इकडच्या ओळी मोजायच्या, मग तिकडच्या, आणि दोन्ही आकडे सारखे आले की खुर्चीत मागे रेलून मोठ्यांदा म्हणायचं, "ताळा जुळला!" ते इतक्या थाटात म्हणायचे, की आजूबाजूची मंडळी हातातलं काम टाकून चहाला उठायची.

गेली सोळा वर्षं हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघालेले नाहीत. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. नवीन लागलेली मुलंमुली विचारतात, "सर, तुम्हाला ताळेबुवा का म्हणतात?" तर हे म्हणतात, "आहे एक जुनी गंमत," आणि विषय बदलतात. गंमत कसली डोंबलाची! सांगतो, ऐका.

ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं नोंद खातं. शहरातल्या बालगृहांत येणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद इथे. मूल कधी आलं, कुणी आणलं, वजन किती, आणि सगळ्यांत शेवटी एक रकाना, शेरा. मूल आणणाऱ्याने जे सांगितलं ते कारकुनाने या शेऱ्यात आपल्या भाषेत, आपल्या लिपीत उतरवून घेतलेलं. कुणाच्या आईचं नाव, कुणाचा पत्ता, आणि कुणी फक्त एवढंच सांगून गेलेलं, की याला दिवा मालवला की झोप येत नाही, तेवढं बघा. पाठीला कापडी पट्टी लावलेली जाडजूड रजिस्टरं होती ती. ती सगळी कॉम्प्युटरवर चढवायचं काम अकरा महिने एकटीने केलं ते मावशींनी.

मावशी म्हणजे ताळेबुवांची सख्खी मावशी नव्हे, खात्यातल्या टायपिस्ट. सगळ्यांच्याच मावशी. पण हे नोकरीला लागले तेव्हा कुठल्या कपाटाची किल्ली कुठल्या खिळ्यावर असते इथपासून यांना शिकवलं ते त्यांनीच. त्या वर्षी ताळेबुवांच्या बायकोला दिवस गेलेले, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलेलं. मग यांचा डबा रोज मावशींच्या घरून यायचा. "खा मुकाट्याने, वाळून चाललायस नुसता," असं म्हणत त्या समोर बसायच्या. टाइप करतानाही त्यांची एक खोड होती. प्रत्येक शेरा पुटपुटत वाचायच्या, मध्येच थांबायच्या, चष्मा काढून पुसायच्या. ताळेबुवा चेष्टा करायचे, "अहो मावशी, नुसतं टाइप करा की. वाचत कशाला बसता?" त्यावर त्या म्हणायच्या, "न वाचता कसं रे टाइप करायचं?"

अकरा महिन्यांनी काम संपलं, आणि नेमकं त्याच सुमारास जुनं मशीन मोडीत काढायचं ठरलं. सगळ्या नोंदी नव्या मशीनवर न्यायच्या. शनिवार होता, अर्ध्या दिवसाचं ऑफिस, आणि ताळेबुवांना घरी पळायची घाई. आता त्यांनी काय केलं ते नीट समजून घ्या, फार अवघड नाही. मशीनला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचा एक तक्ता असतो. जुन्या मशीनचा तक्ता वेगळा, नव्याचा वेगळा, आणि माहिती नेणाऱ्या प्रोग्रामला दोन्ही तक्ते सांगावे लागतात. ताळेबुवांनी जुन्याचा सांगितला आणि नव्याचा सांगायचा राहिला. न सांगितलं की तो प्रोग्राम कंपनीने आधीच भरून ठेवलेला तक्ता धरतो, आणि त्या तक्त्यात आपल्या लिपीचं एकही अक्षर नव्हतं. जे अक्षर तक्त्यात सापडत नाही त्याच्या जागी तो एक प्रश्नचिन्ह ठेवतो आणि पुढे जातो. ओरडत नाही, अडत नाही, मुकाट्याने पुढे जातो.

ताळेबुवांनी ओळी मोजल्या. इकडे नऊ हजार दोनशे चौदा, तिकडे नऊ हजार दोनशे चौदा. एवढ्यावर थांबतील तर ते ताळेबुवा कसले! त्यांनी अक्षरंही मोजली. एका अक्षराला एक प्रश्नचिन्ह, तेव्हा तीही जुळली, अगदी तंतोतंत. पडद्यावर नजर टाकली तर तारखा ठीक, वजनं ठीक, क्रमांक ठीक. शेऱ्याचा रकाना पडद्याच्या उजव्या कडेच्या बाहेर होता. सरकवून बघायला दोन सेकंद लागले असते. ते खुर्चीत मागे रेलले, "ताळा जुळला!" म्हणाले, आणि 'सर्व माहिती पूर्ण व बिनचूक' असं छापलेल्या दाखल्यावर सही ठोकून घरी गेले. सोमवारी जुन्या मशीनची डिस्क पुसली गेली. जपून ठेवायच्या टेपवर त्यांनी स्वतःच्या हाताने नवी प्रत चढवली. आणि कॉम्प्युटरवर सगळं आहेच म्हटल्यावर रजिस्टरांचे गठ्ठे बांधून मागच्या अंगणातल्या शेडमध्ये टाकले, कागद गिरणीचा ट्रक येईपर्यंत.

इथवर जे झालं ती चूक होती. चुका होतात. मी कोण त्यांना नावं ठेवणार!

पण तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, दुसरंच काहीतरी शोधताना ताळेबुवांनी पडदा उजवीकडे सरकवला. खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं. मध्ये मध्ये एखादा आकडा, एखादा स्वल्पविराम, शब्दांमधल्या मोकळ्या जागा, एवढंच शाबूत, कारण ते सगळ्या तक्त्यांत सारखंच असतं. वर्णमालेतली सगळी अक्षरं एकाच खुणेत गेली की मागे यायला वाट नसते, हे खात्यात दुसऱ्या कुणाला नसेल पण त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या क्षणी रजिस्टरं कुठे होती? खिडकीखाली. शेडमध्ये. गठ्ठे बांधलेली, कोरडी, सुरक्षित. जिना उतरून जायचं, मोठ्या साहेबांना सांगायचं, "साहेब, घोळ झाला, माझ्याकडून झाला, ट्रक थांबवा." बोलणी बसली असती, कदाचित बढती गेली असती. मावशींनी कपाळावर हात मारून घेतला असता आणि पुन्हा पहिल्या पानापासून टाइप करायला बसल्या असत्या. एवढंच झालं असतं.

ताळेबुवा बोलले नाहीत. कुणाला कळायच्या आत आपणच निस्तरू, असं त्यांनी ठरवलं. टेप उलटीपालटी करून झाली, पुसलेल्या डिस्कवर काही उरलंय का ते चाळून झालं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दार लावून बसायचे. मावशींचा डबा तसाच परत जायचा, आणि मावशी म्हणायच्या, "बायकोची काळजी लागलीय ना? होईल रे सगळं नीट." असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात ट्रक उभा राहिला. दोन माणसं गठ्ठे फेकत होती, तिसरा वर उभा राहून रचत होता. ताळेबुवा खिडकीत उभे होते. चाळीसेक मिनिटं लागली ट्रक भरायला. चाळीस मिनिटांत माणूस तीन मजले किती वेळा उतरू शकतो? ते उभेच राहिले.

महिन्याभराने गोष्ट फुटलीच. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "हे काय आहे?" ताळेबुवांच्या तोंडून जे वाक्य निघालं ते असं: "जुन्या नोंदी कदाचित वेगळ्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या असाव्यात." कदाचित! असाव्यात! सरळ खोटं बोलायचीही हिंमत नाही, म्हणून या दोन शब्दांचा आडोसा. साहेब मावशींकडे वळले. "कुठला फॉन्ट वापरलात?" मावशी म्हणाल्या, "मशीनमध्ये होता तोच." त्यांनी एकदा ताळेबुवांकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांची बदली तळमजल्यावर, टपालात झाली. नोकरीची शेवटची पाच वर्षं त्यांनी पाकिटं चिकटवली. निवृत्तीच्या कागदावर 'नोंदीत निष्काळजीपणा' असा शेरा गेला. त्यांचा शेरा बरा शाबूत राहिला.

ताळेबुवांना मुलगी झाली, बढती मिळाली. आणि या लिपीच्या तक्त्यांच्या विषयात ते असे पारंगत झाले, की दुसऱ्या खात्यांतून लोक त्यांना शिकवायला बोलावू लागले. कुठलं मशीन, कुठली भाषा, कुठला तक्ता, सगळं तोंडपाठ. टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांत त्यांना घाम फुटायचा, पण सांगणार कुणाला? घरी बायकोला एक विचित्र खोड तेवढी दिसायची. हे मोबाइलवर निरोप पाठवतात त्यात प्रश्नचिन्ह कधी नसतं. 'जेवलीस', 'पोहोचलीस', असंच. "अहो, विचारताय की मला सांगताय?" ती हसायची. हे हसायचे नाहीत.

आणि मग या वर्षी नियम बदलला. बालगृहात वाढलेल्या माणसाला स्वतःची नोंद बघायचा हक्क मिळाला. तिसऱ्याच आठवड्यात एक बाई वर आल्या. तिशीच्या, बसच्या ड्रायव्हर, गणवेशातच आलेल्या. अर्धा तास सुट्टी काढली होती. "माझी लेक पाच वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "रोज विचारते, तुझी आई कशी होती? म्हटलं, बघून तरी येऊ काय लिहिलंय."

ताळेबुवांनी नोंद काढली. तारीख आली, वजन आलं. मग पडदा उजवीकडे सरकला. साडेतीन ओळी प्रश्नचिन्हं. मधोमध दोनचा आकडा, आणि दोन स्वल्पविराम.

ड्रायव्हरबाई पुढे वाकून बघत राहिल्या. "म्हणजे कुणालाच काही माहीत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "म्हणून ही चिन्हं टाकलीत?"

बघा, किती सोपं होतं. दार आपण होऊन उघडलेलं. ताळेबुवा म्हणाले, "हो. तसंच दिसतंय, ताई."

ड्रायव्हरबाईंनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, कारण रडल्याच नाहीत. "बरं झालं," म्हणाल्या. "एकदाचं कळलं. कुणी काही न सांगताच ठेवून गेलं. आता शोधत बसायला नको." आभारही मानले हो त्यांनी! वहीत सही केली, बसचा डेपो आणि फोन नंबर लिहिला, आणि टोपी काखेत मारून जिना उतरून गेल्या.

ताळेबुवा खिडकीत गेले. खाली अंगण, शेड, आणि ती बाई फाटकाकडे चाललेली. या खेपेला मात्र त्यांना तिथे उभं राहवेना. तिचा शेरा त्यांनी घालवला होताच, आता त्या जागी त्यांनी स्वतःच्या तोंडाने शेरा भरला होता, तोही असला. लाज वाटली, नुसती लाज नाही, स्वतःची किळस आली.

रविवारी ते मावशींकडे गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मावशी थकल्या होत्या, पण चष्मा तोच. "ये रे. किती वाळलायस," म्हणाल्या. ताळेबुवा बसलेच नाहीत. उभ्यानेच बोलले, "मावशी, ते फॉन्टबिंट काही नव्हतं. तक्ता मी चुकवला होता."

"मला माहीत आहे," मावशी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. अकरा महिने मी रोज सकाळी आदल्या दिवशीचं वाचून बघत होते. स्वच्छ दिसत होतं सगळं. मला काय मशीनमधलं कळत नाही, पण माझं टायपिंग मला कळतं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "वाटलं, तू बोलशील. आज नाही तर उद्या. मग म्हटलं, घरी पोटुशी बायको आहे, घाबरलं असेल पोरगं. चूक काय, कुणाचीही होते. कधीच माफ केली मी ती."

इथे गप्प बसले असते तर माफी खिशात टाकून घरी जाता आलं असतं. पण या वेळी ताळेबुवा थांबले नाहीत. "मावशी, मला आठ दिवस आधी कळलं होतं. ट्रक यायच्या आठ दिवस आधी. रजिस्टरं खाली होती."

मावशींचा हात चष्म्यावरच थांबला. मग म्हणाल्या, "आणि मी तुला डबा पाठवत होते."

"हो."

"हे मला ठाऊक नव्हतं." आवाज चढला नाही, पण त्यातलं 'रे' गेलं होतं. "बदलीचं सोड. पाकिटं चिकटवून माझं काही बिघडलं नाही. पण ती रजिस्टरं असताना..." त्या उठल्या, खिडकीचा पडदा उगाच सारखा केला आणि परत बसल्या. "याची माफी मी कशी देऊ? ती माझ्याकडे नाहीच."

ताळेबुवांनी ड्रायव्हरबाईंचं सांगितलं. क्रमांक, साल, वजन. "आकडा दोनचा आहे मध्ये. तुम्हाला काही आठवतं का?" विचारताना त्यांचे हात जोडले गेले होते. मावशींनी डोळे मिटले. ओठ हलत होते, टाइप करताना हलायचे तसे. "दोन... दोन स्वेटर दिलेली एक होती. एकीची दोन वर्षांची बहीण होती... नाही. ती वेगळी." त्यांनी डोळे उघडले. "नऊ हजार होती. नाही आठवत. आणि अंदाजाने मी सांगणार नाही. जा, तिला खरं सांग. आणि मला आधी अर्धंच सांगितलंस तसं नको, सगळं सांग." निघताना त्यांनी चहा विचारला नाही.

सोमवारी ताळेबुवांनी मोठ्या साहेबांच्या टेबलावर तीन पानी पत्र ठेवलं. आठ दिवस, ट्रक, मावशी, सगळं. साहेब आता नवे होते. ते म्हणाले, "अहो, सोळा वर्षांपूर्वीचं मढं कशाला उकरताय?" ताळेबुवा म्हणाले, "मावशींच्या कागदावरचा शेरा काढा आणि माझ्यावर टाका. पोच द्या." पोच घेतली, आणि दुपारी ते डेपोत गेले.

ड्रायव्हरबाई बाकावर बसून डबा खात होत्या. बस सुटायला बारा मिनिटं होती. ताळेबुवा समोर उभे राहिले आणि बोलले. तक्ता, शनिवार, आठ दिवस, ट्रक. आणि परवा त्यांच्याशी बोललेलं खोटंही. त्या खाता खाता थांबल्या. डब्याचं झाकण त्यांनी हळूच लावलं.

"म्हणजे होतं काहीतरी."

"होतं."

"किती?"

"एकशे त्रेचाळीस अक्षरं. साडेतीन ओळी. बाकीच्यांच्या बहुतेक एक ओळच आहे." हे सांगावं की नाही त्यांना कळत नव्हतं, पण सांगितलं.

ड्रायव्हरबाईंच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी उजळलं, आणि मग ते विझताना ताळेबुवांना समोर उभं राहून बघावं लागलं. "कुणीतरी उभं राहून एवढं सांगितलं माझ्याबद्दल," त्या म्हणाल्या. "आणि मी लेकीला सांगून बसले, की आजी काही न बोलता गेली." त्यांनी मान वर केली. "तुम्ही वाचलं होतं का ते? आधी? एकदा तरी?"

ताळेबुवांना मावशी आठवल्या, आणि आपण केलेली चेष्टा आठवली. "नाही," ते म्हणाले. "मी नुसतं मोजलं."

लांबवर कंडक्टरने शिट्टी मारली. ड्रायव्हरबाईंनी डोळे बाहीला पुसले, पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढलं आणि डब्यावर ठेवून पुढे केलं. "लिहून द्या."

"काय लिहू?"

"आता सांगितलंत तेच. शेरा होता, साडेतीन ओळींचा होता, आणि तुमच्यामुळे गेला. खाली सही."

ताळेबुवा बाकावर बसले आणि लिहू लागले. गेली कित्येक वर्षं हाताने लिहायची सवय नव्हती, अक्षर वेडंवाकडं येत होतं. सही करायला ते खाली वळले तशी ड्रायव्हरबाईंनी पेन धरून त्यांना थांबवलं.

"आधी वाचा. मोठ्याने."

त्यांनी वाचलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. बसमधले दोघेतिघे खिडकीतून बघत होते. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि मग सही केली.

"तक्रार करणार ना? करा," ते म्हणाले. "मी साहेबांनाही लिहून दिलंय."

"तक्रार कशाला?" ड्रायव्हरबाईंनी कागदाची नीट चार पदरी घडी घातली आणि गणवेशाच्या वरच्या खिशात ठेवून बटण लावलं. "लेकीला दाखवीन. माझ्याबद्दल कुणी लिहिलेलं आता एवढंच आहे."